भिंतीबाहेरची मुलगी

आमच्या पाद्रींनी माझ्या मुलीला फसवलं. दफनभूमीतली तिची जागा तिला दिली नाही.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. डोक्यावरच्या पाटीतून नारळ विकत मी स्वतःच्या बैलगाडीपर्यंत पोचलो होतो. मुलगी भरदुपारी जन्मली. निळी, न रडता. दाई हिंदू होती, पण ख्रिस्ती घरांतही बाळंतपणं करायची म्हणून पाद्रींनीच तिला शिकवलं होतं: मूल जगेलसं दिसलं नाही तर डोक्यावर पाणी ओत आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घे.

तिने घागर बाजूला सारली. "घरातलां पाणी इटाळलां रे. ह्येका कोणाचो हात लागूक नाय," म्हणत माझ्या ढिगातलं शहाळं फोडलं आणि बाळाच्या टाळूवर ओतलं. शब्द एकही चुकली नाही. मुलीने एकदाच डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि गेली.

पाद्री म्हणाले, "समुद्राचां पाणी चाललां असतां. हो फळाचो रस. बाप्तिस्मा झालो नाय." म्हणजे ती चर्चची नाही, पवित्र मातीत जागा नाही.

"बाजारात शहाळ्याचां पाणी म्हणान तुमी माझो शब्द धरतास, फादर. आता दायीचो थेंबय पाणी धरा."

"हो बाजार न्हय."

"मगे दायीक शब्द शिकयलात, पाणी खंयचां तां कित्याक सांगूक नाय?"

त्यांनी दार लावून घेतलं. मी तसाच हद्दीपलीकडच्या प्रोटेस्टंट मिशनच्या उपदेशकाकडे गेलो.

"लेकराला पाण्याची गरजच नाही," ते म्हणाले. "देवाने तिला घेतलं."

"मग तुमच्याकडे पुरू द्या."

"ती जागा सभासदांची. तुम्ही दोघं आधी विश्वास कबूल करा, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या."

"माझा लहानपणीच झालाय!"

"डोक्यावर ओतलेला आम्ही मानत नाही."

मी शिव्या घालून परतलो. मुलीला भिंतीबाहेर, केवड्याच्या बनाशी पुरलं.

मृतांच्या सणाला पाद्री कबरींवर पवित्र पाणी शिंपडत भिंतीपर्यंत येतात आणि मागे वळतात. पहिल्या वर्षी बायको बाहेर उभी होती. वारा नव्हता. आतल्या मेणबत्त्या सरळ जळत होत्या, केवडा मात्र एकाच जागी हलत होता. भिंतीपलीकडे पाणी पडलं आणि तिचं पोलकं भिजलं. दूध. ते कधीच आटलं होतं.

"उठली गो बाय," ती म्हणाली. पाळण्याशी बोलावं तसं, सहज.

त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. तरी दर वर्षी त्याच क्षणी तिचं पोलकं भिजतं. यंदा पाद्रींनी ते पाहिलं, मान खाली घातली आणि भराभर निघून गेले.

त्यांनी भिंतीच्या या बाजूला यावं. माझ्या बायकोसमोर उभं राहून सांगावं: जी तुमच्या चर्चची नाही, ती तुमच्या पाण्याने जागी कशी होते?