हजेरीसाठीची गोळी

"मॅडम, हिला अनफिट लिहून द्या, म्हणजे विषय संपेल," एचआरचे कदम माझ्या टेबलासमोर उभ्याउभ्याच म्हणाले. विषय म्हणजे बाकावर बसलेली नसीम शेख. तिच्यासमोरच चाललं होतं हे.

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बनतात. मी तिथली डॉक्टर. कापलेलं बोट, चक्कर, ॲसिडिटी आणि सोमवारची पोटदुखी हा माझा रोजचा धंदा. नसीम फायनल इन्स्पेक्शनला होती. दिव्याखाली प्रत्येक जुडी फिरवून बघायची, ठीक असली तर शिक्का मारायचा. तिच्या शिक्क्याचा माल ग्राहकाकडून दुसऱ्यांदा परत आला होता.

"दिव्याखाली बघतच नाही हो ती," कदम म्हणाले. "जुडी सावलीत नेते. सुपरवायझरनं किती वेळा सांगितलं."

कामचुकार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण मुद्दाम सावलीत जाऊन कामचुकारपणा कोण करेल? कदमांना जरा बाहेर थांबायला सांगितलं.

"दिव्याकडं बघितलं की सगळं पांढरं होतंय मॅडम," नसीम म्हणाली. "सावलीत थोडं तरी दिसतंय. नोकरी गेली तर कसं करायचं?"

मी तिला नीट न्याहाळलं. चेहरा गोल गरगरीत, हात मात्र काटकुळे. लाइनवरच्या बायका तिला चिडवायच्या, कॅन्टीन मानवलंय म्हणून. बीपी घेतलं, जास्त. बोटाला टोचून साखर पाहिली, तीही फार वर.

"गोळ्या कुठल्या घेतेस?"

"सांध्याच्या." तिनं पर्समधून पट्टी काढली. स्टेरॉइड होतं.

तिला ल्युपस होता. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणा उलटते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, कधी मूत्रपिंडावर तुटून पडते. स्टेरॉइड त्या यंत्रणेला आवरतं, तेही झटपट. औषध वाईट नाही, त्यानं जीव वाचतात. मोठा डोस लांबला तर मात्र चेहरा गोल होतो, बीपी-साखर चढते, मोतीबिंदूही होतो. म्हणून आजार आटोक्यात आला की डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस उतरवत न्यायचा असतो. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला हे सांगितलं होतं. ती पुन्हा तिकडे फिरकलीच नव्हती. सुरुवातीचा मोठा डोस दोन वर्षं तसाच चालू होता.

"का गं?"

"सुट्टी टाकली की हजेरी मोडते ना. महिन्यात एकपण खाडा नसला तरच भत्ता. गोळी घेतली की हात चालतात. निघोज्यातला मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर देतो."

वर मागच्या वर्षी कंपनीनं पूर्ण हजेरीबद्दल तिचा सत्कार केला होता. शाल घालणारे कदमच.

त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आजपासून गोळी बंद. सोप्पं आहे."

"अजिबात नाही. स्टेरॉइडसारखं द्रव्य शरीर थोडं स्वतःही बनवतं. बाहेरून इतके दिवस मिळालं की ते काम बंद करतं. गोळी एकदम तोडली तर बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो."

नसीमचा चेहरा उतरला. "सलीमपण म्हणत होते सोड म्हणून. उद्यापासून सोडणारच होते मी."

गोळी मनानं सोडायची नाही, असं मी तिला बजावलं. तिच्या नवऱ्याला, सलीमला, लगेच फोन केला. निघोज्यात त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. ग्रीसच्या हातांनी तसाच आला.

"मॅडम, एवढीशी गोळी, चहापेक्षाही स्वस्त," तो म्हणाला. "तिनं एवढं केलं?"

"स्वस्त होती म्हणूनच कुणी विचारलं नाही, सलीमभाई. आता साखरेची औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, हाडांच्या तपासण्या. खर्च इथून पुढे आहे."

मी लिहिलं: इन्स्पेक्शनसाठी तूर्त अनफिट, बसून करायच्या कामासाठी फिट. हॉस्पिटलची सुट्टी खाडा धरू नये.

"हे शेवटचं नियमात बसत नाही," कदम म्हणाले.

"मग ग्राहकाला तसं कळवू या. आमची इन्स्पेक्टर दिसत नसताना शिक्के मारत होती, कारण डॉक्टरकडे गेली की भत्ता बुडत होता."

कदम तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. वरिष्ठांना फोन झाले. सही मिळाली.

हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी डोस हळूहळू उतरवला. जोडीला दुसरी गोळी दिली. ती सावकाश काम करते, महाग आहे आणि तिच्यासाठीही डोळे तपासत राहावे लागतात. साखर खाली आली. ऐन पस्तिशीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, एकाचं ऑपरेशन झालं. नोकरी टिकली. नसीम आता स्टोअरमध्ये बसून लेबलं लावते.

बसून, कारण खुबाही दुखायला लागला होता. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलाय, असं एमआरआयमध्ये दिसलं. स्टेरॉइडमुळे होतं असं. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली.

"मॅडम, सुट्टी टाकून वेळेवर गेले असते तर हे वाचलं असतं?"

"बहुतेक," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

तिनं मान हलवली आणि लंगडत स्टोअरकडे गेली.

सारखी रजा टाकणाऱ्यांना एचआर अजूनही माझ्याकडे पाठवतं. पाठवू देत. ज्यांनी वर्षभरात एकही खाडा केलेला नाही, त्यांना मी स्वतःहून बोलावून घेते.