निळे ठोकळे

व्हॉक्सेल हा शब्द कानावर पडला की मला आता शिसारी येते. ज्यावर दहा वर्षं पोट भरलं त्याबद्दल असं बोलू नये, पण येते.

आधी काम सांगते. फोटोतला ठिपका सपाट असतो. त्यालाच जाडी दिली की होतो तो छोटा ठोकळा म्हणजे व्हॉक्सेल. गेममधली बहुतेक घरं, डोंगर आतून पोकळ असतात, नुसतं वरचं साल. व्हॉक्सेलचा डोंगर मात्र गुळाच्या ढेपेसारखा. कुठूनही फोडा, आत गूळच. म्हणून ज्या गेममध्ये खणायचं, बोगदे पाडायचे, भिंती फोडायच्या, तिथे व्हॉक्सेल लागतात. प्रत्येक ठोकळ्यात एक आकडा असतो. इथे माती, इथे मुरूम, इथे खडक, इथे पाणी. दवाखान्यातला सीटी स्कॅनही ठोकळ्यांचाच बनतो, फक्त तिथला आकडा यंत्रानं माणसाच्या अंगातून मोजून आणलेला असतो. आमचा आकडा प्रोग्रामनं मनाला येईल तसा टाकलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच खरे दिसतात, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं लोकांना मोठ्या कौतुकानं सांगायचे.

पुण्याची नोकरी घरून करता येऊ लागली तशी मी जळगाव जामोदला परत आले. एका दुपारी चुलतभाऊ आला. तो पाणाड्या, म्हणजे जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगणारा, आणि बोअरची गाडीही त्याचीच. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथे बोअर. आमच्याकडे पाणी लागण्याचं एवढं नाही, गोडं लागण्याचं आहे. गावाच्या खालच्या अंगाला असं खारट निघतं की चहासुद्धा नासतो.

"लोकाईचा आता नारळावर भरोसा नाही राह्यला," तो म्हणाला. "तुह्या कंप्युटरमंदी जमिनीच्या आतलं दिसते ना? मले एक बनवून दे."

"ते खरं नसते, दादा. गेमची माती हाये ते."

"मले कुठं खरं पाह्यजे? नुसतं दाखवाले पाह्यजे. तुले काय जाते वं?"

खरंच, माझं काय जात होतं! दोन दुपारी बसले आणि करून दिलं. जागामालकाचं नाव टाकलं की प्रोग्राम त्याच्यासाठी नवीकोरी जमीन उभी करायचा. वर काळी माती, खाली पिवळट मुरूम, आणखी खाली कुठेतरी पाण्याचे निळे ठोकळे. कडेनं कापून आत बघायची सोयही दिली, ती माझीच हौस. चुलतभावाच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. निळं कुठे हवं ते दाखवताना त्यानं ओलं बोट थेट पडद्यावर टेकवलं. तो तपकिरी डाग मी दोनदा पुसला. तेव्हा मला किळस आली ती त्या डागाची. आपण काय बनवून दिलं त्याची नाही.

पुढे कळलं ते असं. तो आधी नारळ फिरवायचा, मग जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडायचा. लोक पडद्याला हात जोडायचे. ऐकून मी हसले. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मग मावशीचा फोन आला. माझ्या आईची धाकटी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, गावाबाहेरच्या प्लॉटवर एकटी राहणारी. गुडघे कामातून गेलेले, तरी रोज सकाळी स्कूटरवर गोड्या पाण्याचे दोन कॅन गावातून वाहून आणायची. आपल्या दारात गोडं पाणी असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"काल बोअर मारला म्या," ती म्हणाली. "आज मोटर बसवून राह्यले. प्याले ये."

"मावशी! कोणाच्या सांगण्यावरून?"

"नारळाले मी मानत नाही, तुले माहीत हाये. पण ते चित्र तू बनवलं म्हणे. मंग मी कायले इचार करू?"

फोन ठेवला आणि तशीच निघाले.

अंगणात शेजारपाजारचे पाच-सहा जण जमले होते. चुलतभाऊ पुढेच, नवरदेवासारखा. पाइपातून आधी राखाडी चिखल आला, मग हळूहळू पाणी निवळलं. मावशीनं स्टीलचा पेला भरला, उभ्याउभ्या सगळा प्यायली, पदरानं ओठ टिपले आणि म्हणाली, "गोड हाये."

मला केवढं हायसं वाटलं! मी तिच्या हातातून पेला घेतला, भरला आणि मोठा घोट घेतला.

गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात मूठभर मीठ टाकावं, तसं होतं ते. मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिचे डोळे सांगत होते, बोलू नकोस. कॉपी करणाऱ्या पोरांची गय न करणारी माझी मावशी, भाचीचं चित्र खोटं ठरू नये म्हणून सगळ्यांसमोर खोटं बोलली होती. ते घाण पाणी तिनं पेलाभर प्यायलं, तोंड वाकडं न करता.

तेवढ्यात शेजारचे टेलरचाचा पुढे आले. त्यांचं नवं घर भिंतीला भिंत लागून.

"बेटी, तुमी शिकेल हाय. सच सांगा. मी बी मारू काय बोअर?"

घोट अजून तोंडातच होता. थुंकायचं होतं फक्त. एवढंसं काम, आणि सगळ्यांना सगळं कळलं असतं.

मी गिळला. "मारा, चाचा," म्हणाले.

चुलतभावानं लगेच लॅपटॉप उघडला आणि त्यांचं नाव टाकलं. काळी माती आली, मुरूम आला, खाली निळे ठोकळे भराभर जमू लागले. चाचा पडद्याकडे बघून "माशाल्ला" म्हणाले आणि जागेवर खूण करायला त्यांनी मलाच बोलावलं. मी गेले.