हौसावैनीच्या रानातली इर्जिक

आमच्या गावातला शेवटचा युवा नेता आज सकाळी सांगलीत वारला.

वय वर्षं शहाण्णव.

दचकू नका. हल्ली बावन्नाव्या वर्षीसुद्धा माणसं युवा नेते असतात. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, खरोखर अठराव्या वर्षी होते.

फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागलीय. माझ्या एका पुतण्याने 'गरिबांचा कैवारी हरपला' असंही टाकलंय. त्याला सांगायला पाहिजे, तात्यांसमोर 'गरीब' हा शब्द कुणी काढायचा नाही.

का, ते सांगतो.

लढाईची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. तासगावकडचं आमचं गाव, एका घराआड एक गडी पलटणीत. मागे बायका, लेकरं आणि रान. बऱ्याच घरांतले बैल केव्हाच विकलेले.

तात्या आणि त्यांच्या वयाच्या सात-आठ पोरांनी मंडळ काढलं. फंड नाही, लेटरहेड नाही, फोटो तर नाहीच. काम एकच. ज्याच्या दावणीला बैल नाहीत, त्याचं रान इर्जिकीनं पेरून द्यायचं.

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचं. मजुरी नाही. रानवाल्यानं फक्त जेवू घालायचं.

तात्यांनी त्यात सुधारणा केली. तरुण माणसाला सुधारणा केल्याशिवाय झोप येत नाही.

ज्यांच्याच घरात खायला नाही, त्यांनी एवढी माणसं कशी जेवू घालावीत? म्हणून नवा रूल: प्रत्येकानं आपली भाकरी बांधून आणायची.

आजच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये याला टाळ्या पडतील. मीही वाजवल्या असत्या.

पहिलं रान हौसावैनीचं. भावकीतलीच. नवरा पलटणीबरोबर आफ्रिकेत की इटलीत, कुणाला ठाऊक नाही. रान दुसऱ्याचं, ही कूळ म्हणून कसणारी. मालकानं बजावलं होतं, यंदा पडीक राहिलं तर सोडायचं. दोन लेकरं आणि आधाराला तेवढंच.

पोरं सकाळी बैल घेऊन पोचली. बांधावर वैनीनं तीन दगडांची चूल मांडलेली. शेजारून मागून आणलेला हंडा, आणि त्यात हुलग्याच्या घुगऱ्या रटरटत होत्या.

तात्यांनी हातातलं भाकरीचं फडकं दाखवलं.

"वैनी, तुमी कशाला तरास घेतला? आमच्या मंडळाचा नियम हाय. गरिबाच्या घरचं खायाचं न्हाई."

वैनीनं हंड्यातली पळी बाजूला ठेवली.

"गरीब कोण, भावजी?"

पोरं बैलांच्या शिंगांकडं बघायला लागली.

"माझ्या घरचं चालत न्हाई, तर माझ्या रानात तरी कशाला शिरताय? फिरवा बैलं."

कुणीतरी हळूच म्हणालं, खा की रं दोन घास, काय बिघडतंय. पण तात्या अठराचे, त्यात नुकतेच पुढारी झालेले. पहिल्याच दिवशी नियम मोडला तर मंडळ कसलं?

बैल फिरले. शेजारच्या रानात गेले. येईल वैनी बोलवायला, असं सगळ्यांना वाटलं.

वैनी आली नाही.

शाळवाची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची पेर जमिनीत ओल आहे तोवरच. आणि ओल कुणाचा रुसवा निघेपर्यंत थांबत नाही. तात्यांचा ताठा उतरला तोवर रान वाळून कडक झालं होतं, आणि मालकानं दुसरं कूळ बघितलं होतं.

वैनी लेकरं घेऊन शिराळ्याकडं भावाच्या घरी गेली.

हे मला तात्यांनी नाही, काकीनं सांगितलं. तात्या तिथंच ओसरीवर ऐकू येत नसल्याचं सोंग घेऊन बसले होते.

"नियम करायला आलं तुमच्या तात्याला," काकी म्हणाली, "मूठभर घुगऱ्या खायाला आलं न्हाई."

पुढं मंडळानं पुष्कळ रानं पेरली. नियम उलटा झाला. ज्याच्या रानात उतरायचं त्याच्याच घरचं खायचं, मग आंबील असो की नुसती मीठ-भाकर. गावात पडीक रान राहिलं नाही, हे श्रेय तात्यांचं. सत्काराच्या भाषणांत तेवढंच सांगतात.

हौसावैनीचा नवरा परत आला नाही. कूळकायदा आला, कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या, तेव्हा तिच्या रानावर दुसऱ्याचं नाव चढलं.

ती गेली त्याच हंगामात तात्या चालत तिच्या भावाच्या गावी गेले होते. परत चला, मालकाशी मी बोलतो, म्हणाले. वैनीनं ताट वाढलं. तात्यांनी मान खाली घालून सगळं खाल्लं आणि पुन्हा मागून घेतलं.

"पोटभर जेवा, भावजी," ती म्हणाली. "पर ह्ये भावाच्या घरचं हाय. माझ्या घरचं जेवायचं तुमचं ऱ्हायलं."

तात्या, ते राहिलंच.

नीट जा. तुमच्या पुतण्याचा शेवटचा नमस्कार.