एका वर्षाचं स्थळ

किराणा दुकानाचं एक आहे. गोणी कितीही झटका, घडी घालताना चार दाणे पडतातच. किश्शांचंही तसंच. माणसं मीठ-मिरची घेऊन घरी गेली, पण बाकड्यावर बोलून गेली ते इथेच सांडलं. कोणी झाडून काढलं नाही, मीही नाही. आता मुलगा म्हणतो, "बाबा, दुकान मॉलसारखं करू, ट्रॉली आणू." आण बाबा. फक्त बाकडं हलवू नको!

बोनकोड्यातल्या या बाकड्यावरून पूर्वी समोर भातशेती दिसायची, तिच्यापलीकडे हायवे, आणि हायवेपलीकडे केमिकल कंपनीचं धुरांडं. मग मध्ये सोसायट्या उठल्या. तरी दोन बिल्डिंगच्या फटीतून धुरांडं दिसायचं. परवा-परवा ते पाडलं, तेव्हा मी आणि काशा इथेच बसून बघत होतो. धूळ खाली बसली. काशाने डावा पाय सरळ केला आणि एवढंच म्हणाला, "शेट, च्या सांगा."

काशा म्हणजे काशिनाथ. आमच्या मंडळाचा कबड्डीपटू. त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान.

* * *

ही खोली मला कशी मिळाली, ते आधी सांगतो.

मी मूळचा जुन्नरकडचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण मशीद बंदरच्या वखारीत, गोण्या उचलता उचलता. कुर्ल्याला स्वतःचं दुकान टाकलं. ते बुडालं. खाडीवर नवा पूल झाला होता, पलीकडे मोठं शहर होणार अशी बोलवा होती. म्हटलं, शहर यायच्या आधी आपण जाऊन बसू! कुर्ल्याचं मात्र इथे कोणाला बोललो नाही. बुडालेल्या दुकानदाराला जागा कोण देणार?

जागा विचारत आलो तेव्हा काशाची आई हिरामावशी ओट्यावर सुकट निवडत होती. नवरा वारलेला, घरात ती आणि काशा. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मासली खातंस?"

"नाही मावशी. आमचं शाकाहारी घर."

"मंग जगतंस कशावर?"

तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "वरीसभर बस. बगू मानूस कसा निगतो."

वर्ष संपलं. मी इस्त्रीचा सदरा घालून, नारळ घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. रात्रभर झोप नव्हती. "मावशी, वर्ष झालं. आता पुढचं काय?"

ती बोंबील साफ करत होती. मानही वर केली नाही.

"कंचं वरीस?"

* * *

तेव्हा गावागावांत कबड्डीचं वेड. दिघ्याच्या स्पर्धेत आमचा संघ पहिला आला आणि बक्षीस मिळालं प्रेशर कुकर! गडी सात, कुकर एक. शेवटी ठरलं, कुकर हिरामावशीकडे ठेवायचा आणि प्रॅक्टिस झाली की सगळ्यांनी डाळभात तिथेच जेवायचा. मैदान तिच्या परसामागेच होतं.

पहिल्याच संध्याकाळी काशा चढाईला गेला. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्यांना शिवायचं आणि दम न सोडता मध्यरेषेवर परत यायचं, हा खेळ. आणि काशासारखा दम अख्ख्या पट्ट्यात कोणाला नव्हता. दोघांना शिवून तो वळला, तेवढ्यात जोरात शिट्टी वाजली. काशा जागच्या जागी थांबला, दम सोडला, आणि समोरच्यांनी त्याला धरून आडवा केला.

"शिट्टी झाली! पंचाची शिट्टी झाली!" काशा मातीत पडून ओरडला.

पंच होते त्याचे काका, दामूकाका. खेळापेक्षा नियमाचे पक्के. त्यांनी हातातली शिट्टी वर करून दाखवली. "मी नाय वाजवली!"

परसातून दुसरी शिट्टी आली. पाठोपाठ डाळीचा वास.

सगळे दामूकाकांकडे बघायला लागले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे निकाल दिला, "कोनाची का असंना, दम सोडला. गडी बाद!"

* * *

आता काशाच्या गुडघ्याकडे येतो. कारण पुढचं सगळं महाभारत त्या गुडघ्यावरून झालं.

हायवेपलीकडच्या त्या कंपनीची स्वतःची टीम होती. बूट, ट्रॅकसूट, कोच, सगळं टीपटॉप. आमची पोरं उघड्या पायांची. त्यांच्याच मैदानावर मॅच झाली आणि काशाने त्यांना पाणी पाजलं. शेवटच्या चढाईत त्यांचे तिघे त्याच्यावर पडले. काशा त्यांना ओढत मध्यरेषेकडे सरकला, हात रेषेला लागला, आमचे गुण झाले, मॅच जिंकलो. काशा मात्र उठला नाही. डावा गुडघा भलतीकडेच बघत होता.

गावच्या हाडवैद्याने हळद आणि अंड्याचा लेप लावला. सूज उतरेना, म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट गेलंय."

दामूकाका तापले. तरातरा घरी आले. ओट्यावर टेकल्यावर हिरामावशीला म्हणाले, "वैनी, आपल्या घरान्यात आजवर कोनाला लिगामेंट नव्हतं. ह्याला कुटनं आलं?"

* * *

काही महिन्यांनी काशा काठी सोडून चालायला लागला. पण उकिडवं बसता येईना, धावता येईना. दिवसभर या बाकड्यावर डावा पाय लांब करून बसायचा. उजव्या पायाच्या अंगठ्याने पुढच्या मातीत एक आडवी रेघ ओढायचा, आणि पुसायचा. पुन्हा ओढायचा.

अशात एक दिवस स्कूटरवरून सबनीस साहेब आले. कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर, दादरचा माणूस, गोड बोलणारा. ती मॅच त्यांनी बघितली होती. बाकड्यावर बसून, चहा घेऊन, त्यांनी काशाला ऑफर दिली.

"एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. सकाळी गेटवर हलकं काम, संध्याकाळी आमच्या टीमबरोबर मैदान, गुडघ्याला कंपनीचा डॉक्टर. वर्षभरात गुडघा सावरला, खेळलास, तर परमनंट. नाहीतर..."

"नायतर?"

"नाहीतर वर्ष संपलं, कॉन्ट्रॅक्ट संपलं."

त्याच आठवड्यात काशाचा मामाही आला. तो बेलापूरला सरकारी ऑफिसात. तिथे शिपायाची जागा निघाली होती. परमनंट! खुर्ची, पंखा, पुढे पेन्शन. मामाची अट एकच, "मेडिकल मी सांबालतो. पन शब्द दे, परत मैदानात पाय ठेवाचा नाय."

दोघांनाही उत्तर सोमवारी हवं होतं.

बाकड्यावर नुसता कल्ला! जो साखर घ्यायला येई तो सल्ला देऊन जाई. काशाचं आपलं तेच. रेघ ओढायचा, पुसायचा.

हिरामावशीने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "वरसाचं लगीन कोन लावतं?"

* * *

लग्न हा शब्द निघाला आणि दामूकाकांना नियम आठवला. स्थळ न बघता नाकारायचं नसतं! झालं. शनिवारी काका, गावची चार जाणती माणसं आणि हिशेबी माणूस म्हणून मी, असे सहाजण पांढऱ्या टोप्या घालून कंपनीत स्थळ बघायला गेलो. गेटवरच्या वॉचमनला वाटलं मोर्चा आला. त्याने गेट लावून घेतलं!

सबनीस साहेबांनी आत नेऊन बसवलं, बिस्किटं मागवली. दामूकाकांनी सुरुवात केली.

"घरात मानसं किती?"

साहेबांनी कामगारांचा आकडा सांगितला.

"बापरे! थोरला कोन?"

"मालक. ते परदेशी असतात."

दामूकाकांनी आमच्याकडे बघितलं. सासरा परदेशी, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"भांडनं?"

"अं... युनियन आहे."

"ती सगल्यांच्यात असतात," काकांनी समजुतीने मान हलवली. मग बिस्किट खाली ठेवलं. "साहेब, एक ईचारतो. ह्याच्या आदी असा मोडका गडी वरसावर आनलावता?"

साहेबांचा चेहरा बदलला. "एक होता. व्हॉलीबॉलचा. खांदा गेलेला."

"त्यो कुटं हाय?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. खोटं बोलता आलं असतं. बोलले नाहीत. "वर्ष झालं, गेला. कुठे ते माहीत नाही."

परत येताना हायवे ओलांडला. गाव आलं तसे काका म्हणाले, "मानूस खोटा नाय. पन नांदवनारा बी नाय."

* * *

रविवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. हिरामावशी दुकानाच्या उंबऱ्यात येऊन बसली. "शेट, तू ईकतंस, घेतंस. तुला सौदा कलतो. तू बोल."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही मला ही खोली किती वर्षांची दिली होती?"

ती उंबऱ्यावर सांडलेले तांदूळ वेचायला लागली. मला वाटलं, जिंकलो! व्यापारी माणूस मी, मुद्दा नेमका काढला होता.

मग म्हणाली, "ती गोस्ट येगली. तुजा काय गुडगा मोडलावता?"

इतक्या वर्षांत जे कोणाला बोललो नव्हतो ते बोललो. "मावशी, माझं सगळंच मोडलं होतं. कुर्ल्याचं दुकान बुडवून आलो होतो मी. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही वर्षभरही दिली नसतीत."

हिरामावशी पदर झटकून उठली.

"मना ठावं होता."

"कसं?"

"मोडल्याबिगर कोन खाडी वलांडून येतं, शेट?"

आत जाताना दारात थांबली. काशा बाहेर बाकड्यावर होता, पाठमोरा. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "तुला वरीस दिला तवा मी तुला बगत होती. पन तू बी मना बगत होतास ना? ह्या घरात ऱ्हावाचं का नाय ते?"

खरं सांगू? तसा विचार मी कधी केलाच नव्हता.

* * *

सोमवारी सकाळी सबनीस साहेबांची स्कूटर आली. मामा आधीच येऊन बसला होता. दामूकाका पंचासारखे मध्ये उभे. हिरामावशी दारात. मी गल्ल्यावर, पण हातात मापटं तसंच.

साहेबांनी कागद काढला, मराठीत समजावून सांगितला. एक वर्ष. एक वर्ष कंपनी गुडघा बघणार. त्यानंतरचा निर्णय कंपनीचा.

मामा म्हणाला, "काशा, ईचार कर. वरीस संपला का भायेर!"

काशाने अंगठ्याने मातीत रेघ ओढली. या वेळी पुसली नाही. उठला, डावा पाय जरा ओढत रेघेपलीकडे गेला, साहेबांच्या हातून पेन घेतलं आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, वेळ घेऊन, सही केली.

साहेब खूश झाले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास! आता वर्षभर आम्ही तुझा गुडघा बघतो."

काशाने पेनला टोपण लावलं आणि ते परत साहेबांच्या खिशाला अडकवलं.

"बगा साहेब. मी बी वरीसभर कंपनीचा गुडगा बगतो."