सोबतीची बोट

विहिरीला पायऱ्या असतात, समुद्राला नसतात, ही एकच गोष्ट शकुनच्या डोक्यातून जात नव्हती. मूर्तिजापूरच्या शेतातल्या विहिरीत कमरेला रिकामा डबा बांधून दामिनी पोहायला शिकली आणि दोन-चार दिवसांत तिने तो डबा फेकूनही दिला. पोरगी पहिल्यापासून अशीच, आधी उडी मारणार आणि मग खोली विचारणार. आता ती परवा एका मोहिमेवर ओमानला निघणार होती, जुन्या धाटणीच्या, काथ्याने शिवलेल्या जहाजातून. त्याला ना खिळा, ना इंजिन.

"सोबत इंजिनवाली बोट असन ना?" शकुनने फोनवर विचारलं होतं.

"नाई आई. मोहिमेचे सर म्हणतात, मग जुन्या काळासारखं कसं होईन?"

शकुनचं डोकं फिरलं. जुन्या लोकांकडे इंजिन नव्हतं, म्हणून ते शिडावर गेले. त्यातले किती बुडाले, हे कोण सांगतं?

"काहून भेऊन राहिली वं?" तिचे यजमान किसनराव हसले. "आपली पोरगी तासभर पोहते."

"विहिरीत! तुमीच मारा मंग समुद्रात उडी!"

दामिनी चिडेल, महिनाभर बोलणार नाही. न बोलू दे. सोबतीची बोट दिल्याशिवाय जहाज हलवायचं नाही, हे त्या सरांनाच सुनवायचं ठरवून शकुनने फोन उचलला.