हळकुंडं फोडणारा जबडा

वसमतचं ते आडत दुकान सोडून जमाना झाला, पण जबडा अजून ठणकतो, आणि ठणकला की त्या मालकाला शिव्या दिल्याशिवाय मला राहवत नाही.

तिथं हळदीची पारख दातानं व्हायची. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की एक हळकुंड उचलायचं, दाढेखाली धरायचं आणि त्याच्या देखत कट्‌कन फोडायचं. फुटलं तर वाळलेलं, दबलं तर ओलं. हातोडीनं फोडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मालक म्हणायचा, दातानं फोडल्याशिवाय शेतकऱ्याचा भरवसा बसत नाही. स्वतःचे दात मात्र त्यानं पान खायला राखून ठेवले होते.

आधी हे काम माझा बाप करायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यानं मला आपल्या जागी बसवलं आणि आपण पोती तोलायला वजनकाट्यावर गेला. तो भाकरी कधी चावून खायचा नाही. आई ती कुस्करून वरणात भिजवून द्यायची. त्याला तशीच आवडते, असं आम्ही समजायचो.

दुसऱ्या हंगामात माझं कानाच्या पुढं दुखायला लागलं. तोंड उघडलं की आत काहीतरी कट्ट वाजायचं. दुपारपर्यंत कानशिलं फुटायला यायची. जांभई आली तरी धडकी भरायची, उघडलेला जबडा मिटला नाही तर?

मालक म्हणाला, "दाढ किडली आसंल. काढून टाक." कळमनुरीच्या बाजारात फडकं अंथरून बसणाऱ्या दातवाल्याकडं त्यानंच पाठवलं. त्या दातवाल्यानं माझी धडधाकट दाढ उपटली. हातात घेऊन पाहिली, तर कीड कुठंच नाही. दुखणं जागच्या जागी. तर मालक म्हणे, आता दुसऱ्या बाजूची काढ! शेजारीण म्हणाली, नजर लागली. कानशिलं दुखतात म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरनं चष्मा लावायला सांगितलं. माझ्या तोंडातलं सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण तू दिवसभर तोंडानं करतोस काय, हे एकानंही विचारलं नाही.

दुसरी दाढ मी काढू देणार नव्हतो. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा बापाला सांगून टाकलं, "बा, उद्यापासून मी दातानं फोडणार न्हाई."

"काहून? एवढ्याशा तकलीफीनं? मालक हाकलून देईल."

"एवढीशी? जबडा उघडून न्हाई राहिला माझा! कानापाशी सुरी घातल्यावानी होतं."

त्याचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला. कानाच्या पुढं, बराबर माझं दुखायचं तिथंच बोटं टेकली. ताटात त्याचा भिजवलेला काला होता.

"तुला बी हेच व्हतं, बा?"

आईच बोलली, "लई वर्सं झाली त्याला."

"मंग मला काहून बसवलं तिथं?"

"माझ्यानं होत नव्हतं," बाप म्हणाला. "कुनीतरी बसाया पायजेच व्हतं."

सगळं घर डोक्यावर घ्यावं इतका संताप आला. पण ओरडायला गेलो तर तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. आईनं माझं ताट आपल्या पुढ्यात ओढलं आणि माझीही भाकरी कुस्करायला घेतली.