राखेतून उठवलेला माणूस

क्रिनोची जीभ तिखट होती, हे ऑर्खोमेनोसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तळ्यातले वाम मासे भाजून विकणाऱ्या बाईला गोड बोलून चालत नाही. नवरा लढाईत गेल्यावर ती आणखी तिखट झाली.

ती लढाई राजा एर्गिनोस हरला होता. जिंकलेल्या हेराक्लीसने जाता जाता डोंगरातली पाण्याची वाट दगडांनी बुजवली आणि तळं शेतांवर चढलं. आता गाव ती वाट मोकळी करत होतं. नियम जुनाच होता: घरटी एक पुरुष खणायला यायचा. ज्या घरचा येणार नाही, त्याला पाण्यातून वर आलेल्या जमिनीत वाटा नाही. क्रिनोच्या घरी पुरुषच उरला नव्हता. सातूचं शेत जाणार, हे तिला दिसत होतं.

त्या सकाळी ती पाणी घेऊन आली, तर चुलीच्या कडेला राखेत एक म्हातारा अंग चोरून बसलेला. आसरा मागणाऱ्याने असंच बसायचं असतं. तो एर्गिनोस होता; राजवाडा जळाल्यापासून त्याला कुणी दारात उभं केलं नव्हतं.

"उठा आधी! माझ्या भाकरीवर बसलाय."

राजा दचकून बाजूला सरकला. राखेत पुरलेली भाकरी चेपली होती. "चुकलं, बाई. चुलीपाशी कधी गेलो नाही."

"ते दिसतंच आहे. भाजलं नाही ना कुठं?"

राखेतल्या माणसाला हात धरून उठवलं, की तो घरचा होतो. याच्याच हट्टापायी तिचा नवरा गेला होता. बराच वेळ ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. सुरकुतलेले, पण रुंद होते. मग तिने हात पुढे केला. चेपलेली भाकरी मोडून अर्धी त्याला दिली आणि कोपऱ्यातलं नवऱ्याचं फावडंही.

"माझ्या घरचा पुरुष तुम्ही नेलात. आता त्याच्या जागी उभे राहा."

खणायच्या जागी मुकादम बाट्टोस त्यांना बघून हसत सुटला. "वैनी, खणायला राजा आणलात?"

"कुठला राजा? माझ्या राखेतून उठलेला माणूस आहे. घरटी एक म्हणता ना? मोजा."

बाट्टोसचं हसू ओसरलं. त्याने सरकून जागा दिली.

राजाने पहिलाच चिखल स्वतःच्या पायांवर ओतला. सगळे खिदळले, पण मग कुणीतरी त्याला फावड्याची पकड दाखवली. उन्हं कलताना एक धोंडा सुटला आणि डोंगर गटागटा पाणी पिऊ लागला. काठाशी काळ्या मातीची बारीकशी पट्टी वर आली.

घरी परतल्यावर दमलेला राजा सवयीने चुलीकडे वळला.

"अहो, तिथं नको!" क्रिनो ओरडली. "आज दोन पुरल्यात."